एका बोटाचा आधार

आईच्या अंगात देवी यायला लागली त्या वर्षी आमच्या घरात नारळाला तोटा नव्हता. हे वाक्य वाचून माझा मुलगा म्हणाला, असं एकदम कुणी सुरू करतं का, आधी गाव सांग, घर सांग. त्याला म्हटलं, मला आठवतं त्या क्रमानं लिहू दे, तुला हवं तसं तू तुझं लिही. पण पोराचं अगदीच ऐकलं नाही असं नको. तर गाव मुरुम, आणि घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुढं ओसरी, मधे शहाबादी फरशीची लांबलचक खोली, मागं चूल, नहाणी आणि म्हैस. पेठेतून अर्धं मराठी, अर्धं कानडी अशी घासाघीस दिवसभर कानावर पडायची. घरात आवाज मुख्यतः आत्याचा. गोदाआत्या अण्णांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली, आणि आजी गेल्यावर तिनंच अण्णांना वाढवलं. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. हवेचा दाब, पाण्याचा उत्कलनबिंदू सगळं पोरांकडून घोकून घ्यायचे, आणि घरी आल्यावर आत्यानं 'आज उत्तरेकडं तोंड करून जेवू नको' म्हटलं की मुकाट्यानं पाट फिरवून बसायचे. आई या दोघांच्या मधे. बारीक चणीची, चटपटीत, बोलायला कमी. तिचा आवाज म्हणजे भाकरी थापल्याचा आवाज, असंच मला तेव्हा वाटायचं.

गल्लीच्या टोकाला देवीचं लहानसं देऊळ होतं. दर शुक्रवारी दिवेलागणीला आरती. संबळ वाजायला लागला की लेकरंबाळं घेऊन सगळ्या बाया जमायच्या. अशाच एका शुक्रवारी आईनं हात जोडले, डोळे मिटले आणि ती डुलायला लागली. आधी थोडी पुढं-मागं, मग जास्त, आणि शेवटी शेजारच्या बाईच्या अंगावर गेली. संबळ जोरात होता, धूप दाटला होता, कुणीतरी 'उदो उदो' म्हणून ओरडलं. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर बाया तिच्याकडंच बघत उभ्या होत्या. तिनं डोळे मिटायचा अवकाश, की अंग झुलायला लागायचं. आत्याचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की सांगता सोय नाही. 'आमच्या घरात आली माय,' म्हणत तिनं आईच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं. तोवर आईच्या पायांवर पाणी घालणं तर सोडाच, आई पाय पसरून बसली तरी आत्याला खपत नसे.

मग बाया घरी यायला लागल्या. नारळ, खण, पेढे, कुणी हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं. मुलीचं लग्न कधी जमेल, गाय कुणी सोडून नेली, असले प्रश्न. आई काही सांगायची नाही, नुसती मान खाली घालून बसायची. उत्तरं आत्याच द्यायची, 'देवीच्या मनात असं हाय' म्हणून. आणि मी? मी दहावी होऊन अकरावीला गेलेली घोडी, मला त्यातलं काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण मला ते आवडत होतं. कॉलेजात मुली मला जागा धरून ठेवायच्या, माझ्या वहीला हात लावून परीक्षेला जायच्या. पेढे तर रोजचेच. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडत होतं हे खरं आहे.

लाज वाटायचं आणखी एक कारण आहे. मला दुसरंही काही दिसत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. आई चालताना सारखी पायांकडं बघायची. बाया म्हणायच्या, केवढी लीनता आली बघा. नहाणीतून मात्र अधूनमधून धप्प असा आवाज यायचा. एकदा मी आत डोकावले तर आई फरशीवर बसलेली, तोंडाला साबण, डोळे मिटलेले, हात भिंत शोधत होते. मला बघून हसली आणि म्हणाली, 'पाय घसरला गं.' पुढं ती तोंड धुताना एक हात भिंतीला लावूनच उभी राहायची. अंधारात परसात जायचं झालं तर मला हाक मारायची. मी कंटाळा करायचे. देवी हिच्याबरोबर असताना हिला माझी कशाला गरज, असं एकदा तोंडावर बोललेही. आईनं माझा हात तेवढा घट्ट धरला.

दसऱ्याच्या आधी आत्यानं ठरवून टाकलं. पुनवेला तुळजापूरला जायचं आणि आईच्या गळ्यात कवड्यांची माळ घालायची. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माळ घातली की बाई देवीची आराधी होते. मंगळवार-शुक्रवार हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, मेळ्याबरोबर जायचं, बोलावणं येईल तिथं उभं राहून गाणी म्हणायची. ती माळ मानाची असते. मनानं घेणाऱ्या बायांना तिनं किती बळ दिलेलं मी पाहिलंय. पण घेणारीनं ती मनानं घ्यावी लागते, आणि आईला कुणी विचारलंच नव्हतं. अण्णांनी एकदा घसा खाकरून पाहिला. आत्या म्हणाली, 'तुझं विज्ञान शाळंत ठिव.' अण्णांनी ठेवलं.

त्या संध्याकाळी आई म्हशीच्या आडोशाला बसून रडताना मला सापडली. मी घाबरले. आईला रडताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. 'माळ नको वाटते का?' विचारलं. तिनं मान हलवली. म्हणाली, 'माळंचं काय न्हाय गं. माझं पाय माझं न्हाईत बघ. कापसाच्या गादीवर चालल्यागत वाटतंय. डोळे मिटले की मी कुठं हाय, तेच कळत न्हाय. गाव फिरत जोगवा मागायचा तर मी चालू कशी? रस्त्यात पडले तर?' मी म्हटलं, मग सांग की सगळ्यांना. तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. 'न्हाय. ही शिक्षा हाय मला. माझ्या हातनं चूक झालीय, देवीला ठावं. भोगल्याबिगर सुटका न्हाय.' कसली चूक, ते काही केल्या सांगेना. मला रात्रभर, म्हणजे अगदी खरं सांगायचं तर झोप लागेपर्यंत, आईनं काय केलं असेल याचे नाही नाही ते विचार आले.

माळ घालायची तर ती जुन्या आराधिणीच्या हातून. म्हणून आत्यानं शेवंताबाईंना बोलावलं. सत्तरीच्या पुढची बाई, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि आवाज असा की संबळ त्यापुढं लहान वाटावा. त्या आरतीला आल्या त्या शुक्रवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती; अण्णासुद्धा दाराशी उभे होते. आई डुलायला लागली, बाया 'उदो' म्हणाल्या, आत्यानं अभिमानानं शेवंताबाईंकडं पाहिलं. शेवंताबाई मात्र गात नव्हत्या की हात जोडत नव्हत्या. त्या आईच्या पायांकडं बघत होत्या. थोड्या वेळानं त्या पुढं झाल्या आणि त्यांनी आपलं एक बोट, नुसतं एक बोट, आईच्या कोपराला खालून लावलं. आईचं डुलणं थांबलं. त्यांनी बोट काढलं. आई पुन्हा झुलायला लागली. बोट लावलं, थांबली. काढलं, झुलली. असं त्यांनी तीनदा केलं. मग आईच्या कानात मोठ्यानं म्हणाल्या, 'डोळे उघड, बाई.' आईनं डोळे उघडले आणि ती सरळ उभी राहिली.

'गोदाक्का, हे वारं न्हाय,' शेवंताबाई म्हणाल्या.

'म्हंजे? सगळ्या गावानं बघितलंय,' आत्याचा आवाज चढला.

'गाव बघंना का. माझ्या अंगात पन्नास वरीस येतंय. वारं आलं म्हंजे चार गडी लागत्यात आवराया. बोटानं थांबतंय व्हय? आन् देवी आली की मानूस भीत न्हाय. ही बाई भ्यायलीय. हिचा हात बघ, बर्फ हाय नुसता.'

'मग माळ?'

'माळ काय पळून चाललीय का? आदी हिला दवाखान्यात न्या. मास्तर, ऐकलं का?'

अण्णांनी ऐकलं. बहिणीसमोर जे कुणीतरी म्हणावं याची ते वाट बघत होते ते एका आराधिणीनं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं उमरग्याला निघालो. आत्या ओसरीवर पाठ करून बसली होती. डबा मात्र तिनंच बांधला होता, धपाटे आणि शेंगाची चटणी.

उमरग्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईचे डोळे, जीभ, गुडघे तपासले आणि एक चिठ्ठी देऊन आम्हाला मागच्या खोलीत पाठवलं. तिथं काझी सर होते. पडलेल्यांना, लकवा झालेल्यांना, हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे त्यांचं काम. मूळचे नळदुर्गचे. बोलताना मराठीत दख्खनी केव्हा मिसळायची ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. त्यांनी आईला आधी नुसतं चालायला लावलं, मग वळायला. मग म्हणाले, 'आता पाय जुळवून उभे राहा, ताई. बरोबर. आता डोळे मिटा. डरू नका, मी इथंच हाय.' आई झुलली आणि पडणार तोच त्यांनी धरलं. अण्णांनी त्यांना शेवंताबाईंच्या बोटाची हकिकत सांगितली. सरांनी भुवया उंचावल्या, पुन्हा आईला उभं केलं आणि स्वतःचं बोट कोपराला लावून पाहिलं. आई स्थिर. 'क्या बात है,' ते म्हणाले. 'त्या बाईला माझा सलाम सांगा. तोल कानातूनही सांभाळला जातो, पण कानात दोष असता तर वेगळं दिसलं असतं. यांच्या पायांची खबर डोक्यापर्यंत जात न्हाय. डोळे उघडे असले की डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले की खलास. कुठंतरी जरासा स्पर्श मिळाला तरी तेवढ्यावर शरीर सावरतं.'

मग त्यांनी लोखंडी चिमट्यासारखं एक साधन ठोकून आईच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं आणि विचारलं, थरथर कळते का? आई म्हणाली, कसली थरथर? तेच मनगटावर टेकवलं तर ती दचकली. शेवटी आईला डोळे मिटून झोपवलं, तिच्या अंगठ्याला दोन बाजूंनी धरून वर-खाली केलं आणि विचारत गेले, 'आता वर हाय का खाली?' अंगठा खाली होता, आई म्हणाली वर. वर होता, म्हणाली खाली. पहिल्यांदा मला हसू आलं. चौथ्या वेळी आईनं 'सांगता येईना' म्हटलं तेव्हा माझं हसू थांबलं. स्वतःचा अंगठा कुठं आहे ते माझ्या आईला कळत नव्हतं, आणि तेच पाय घेऊन ती वर्षभर पहाटे उठून सगळं घर चालवत होती. मी तिला परसात सोबत जायला कंटाळा करत होते.

'खाण्यात काय असतं?' सरांनी विचारलं. आई म्हणाली, भाकरी, आमटी, चटणी. 'दूध? दही?' अण्णाच म्हणाले, 'घरात म्हैस आहे.' सर म्हणाले, 'म्हैस हाय हे समजलं, मास्तर. ताई खातात का ते विचारतोय.' अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी अण्णांकडं. दोघांनाही सांगता येईना. आमच्याकडं बाया सगळ्यात शेवटी जेवायच्या, आणि तोवर त्यांच्या ताटात काय आहे हे बघायला जागेवर कुणी नसायचं. आई कोरा चहा घेते हे माहीत होतं, पण तो तिला आवडतो असं आम्ही धरून चाललो होतो. सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा आई खाली बघत म्हणाली, 'सोडलंय मी. दहा वर्सं झाली.'

मी सहा वर्षांची असताना मला टायफॉईड झाला होता. बावीस दिवस ताप उतरला नव्हता, हे मी ऐकून होते. पुढचं त्या खोलीत आईच्या तोंडून कळलं. त्यात एक दिवस डॉक्टरांनी हात टेकले, आणि आईनं देवीपुढं बोलून टाकलं की पोरगी उठून बसली तर दूध, दही, ताक, तूप जन्मभर तोंडाला लावणार नाही. मी उठून बसले. आईनं शब्द पाळला आणि नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून कुणाला सांगितलं नाही. आणि आदल्याच वर्षी एका लग्नात पंगतीत कुणीतरी तिच्या पेल्यात मठ्ठा ओतला. उन्हातून आलेली, पाणी समजून तिनं एक घोट घेतला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. हीच ती चूक, ज्याची शिक्षा ती भोगत होती. अण्णा खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेऊन रडले. मला रडू आलं नाही. मला भयंकर राग आला, आईचा, स्वतःचा, त्या टायफॉईडचासुद्धा. आज इतक्या वर्षांनी दह्याची वाटी पुढं आली की त्या रागातलं थोडंसं अजून वर येतं.

रक्त तपासलं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व तिच्या अंगात जवळपास उरलंच नव्हतं. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाला ते मिळतं मुख्यतः दुधादह्यातून, आणि ते संपत संपत गेलं की पायांच्या नसा अशा मुक्या होतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सुया घ्याव्या लागतील म्हणाल्या. बऱ्याच अंशी भरून निघेल, वेळेवर आलात, असंही म्हणाल्या. 'वेळेवर आलात' हे दोन शब्द ऐकून मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. आईनं मात्र काळजीनं विचारलं, 'बाई, सुईत दूध असतं का?' डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि बाटली तिच्या डोळ्यांसमोर धरली. औषध लालभडक होतं. आईनं ते नीट पाहिलं आणि मग दंड पुढं केला. नवस तिनं पुढंही मोडला नाही. अण्णांनी समजावलं, शेवंताबाईंनी सोडवायचा विधी सांगितला, ही ऐकेना. मग शेवटपर्यंत सुया घेत राहिली.

सुयांनी नसा सुधारतील, पण पायांवर विश्वास बसायला मेहनत लागेल, हे काझी सरांचं म्हणणं. त्यांनी घरी करायचे व्यायाम शिकवले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, 'जवळ उभी राहायची. हात पुढं ठेवायचे. धरायचं न्हाय. त्या पडायला लागल्या तरच धरायचं.' ऐकायला सोपं वाटलं. घरी आल्यावर कळलं की जगात याहून अवघड काम नाही. आईला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करायचं, पुढं खुर्ची ठेवायची, पाय जुळवून डोळे मिटायला लावायचे आणि आकडे मोजायचे. ती चारलाच झुलायला लागायची आणि माझा हात आपोआप जायचा. 'धरू नको गं,' आईच म्हणायची. मग शहाबादी फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत चालायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. नंतर वाकळेची घडी टाकून तिच्यावर उभं राहायचं. पहिले काही दिवस आत्या पाठ करून बसायची. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई सांध्यावरून चालत होती आणि आत्या कमरेत वाकून, दोन्ही हात पुढं धरून, तिच्या बाजूनं खेकड्यासारखी सरकत होती. 'डावा पाय वाकडा पडायलाय तुजा. नीट टाक,' असं चाललं होतं. मला बघून म्हणाली, 'तू आपली वेळंवर येत न्हाईस, मग कुनी करायचं?' घरी येणाऱ्या बायांना तिनंच दारातून परत पाठवायला सुरुवात केली. 'वैनीची तब्येत बरी न्हाय, देवीला काय विचारायचं ते देवळात जाऊन विचारा.'

आई चारवरून नऊवर आली, नऊवरून पंधरावर. मधेच एक आठवडा काही प्रगती नाही, उलट दोनदा पडता पडता वाचली, आणि मला वाटलं संपलं सगळं. मग एके सकाळी ती नहाणीतून ओरडली. मी धावले. ती म्हणाली, 'फरशी गार लागली गं पायाला!' मी आणि आत्या दारात उभ्या राहून हसत सुटलो. आत्या हसता हसता डोळे पुसत होती, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काझी सरांनी शेवटची तपासणी ठेवली. या वेळीही आम्ही तिघंच गेलो होतो. चिमटा ठोकून अंगठ्यावर लावला, आईला थरथर कळली, थोडी मंद, पण कळली. अंगठा वर का खाली हेही तिनं एक चूक सोडता बरोबर सांगितलं. मग सर म्हणाले, 'पाय जुळवा, हात छातीवर घ्या, डोळे मिटा.' ते तिच्या बाजूला हात पुढं करून उभे राहिले, अंगाला न लावता. मोजायला लागले. दहाला ती जराशी हलली आणि सावरली. वीस. अण्णांचे ओठ सरांबरोबर हलत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. 'झालं, ताई. एकदम मस्त. उघडा डोळे.'

आईनं डोळे उघडले नाहीत. ती तशीच उभी, हात छातीवर, ताठ. अण्णा घाबरले. 'काय होतंय गं?' म्हणत पुढं झाले. सरांचा हात तिच्या कोपराकडं गेला. मीही हात पुढं केले.

'हात लावू नका कुनी,' आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. 'काय होत न्हाय मला. लई दिसांनी डोळे मिटून उभी हाय. जरा ऱ्हाऊ द्या की.'

आम्ही तिघं मागं सरलो. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, कुणीतरी दार वाजवलं. काझी सरांनी दार किलकिलं केलं आणि हळूच म्हणाले, 'थांबा बाबा थोडं. आत ताई उभ्या हायत.'